शिकायला बाहेरगावी निघालेली मुले आणि विमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहा केला, तिळगुळाचे हिशेब ठेवले. व्याख्यान मी काय देणार?" त्या म्हणाल्या, "गेल्या हळदीकुंकवाला तुम्ही ओट्याशी उभ्या राहून आम्हाला जे सांगितलंत ना, तेवढंच उभं राहून सांगा." म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्या.

विषय आहे विम्याचा. विमा म्हटला की बायका दाराला कडी लावतात, हे मला ठाऊक आहे, कारण मीही लावीत असे. तेव्हा आधीच सांगते, मी कोणाची एजंट नाही, माझा भाऊ किंवा दीरही एजंट नाही, आणि भाषण संपल्यावर मी कोणापुढे फॉर्म धरणार नाही. मला जे महागात पडून कळले, ते तुम्हाला फुकटात कळावे एवढाच हेतू.

मूल शिकायला बाहेरगावी निघाले की आपण काय काय बांधून देतो, ते आठवून पाहा. बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, मेतकुटाची बरणी, लोणचे, गोधडी, बादली, कुलूप, कपडे वाळत घालायची दोरी. माझ्या मुलाच्या सामानात मी सुईदोरा आणि हळदीची पुडीसुद्धा घातली होती. पण एक कागद घालायचा राहिला, आणि नेमका तोच पुढे हवा होता.

झाले असे. सन २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या थोरल्याला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आम्ही कराडचे. आमच्या यजमानांचे शिलाईचे दुकान आहे. दुकान बरे चालते, पण महिनाअखेर हात आखडता घ्यावा लागतो. चार वर्षांपासून आमच्या कुटुंबाचा पाच लाखांचा आरोग्यविमा होता. त्याचा वर्षाचा हप्ता सतरा हजारांच्या आसपास. हप्त्याची तारीख होती १२ ऑगस्ट. त्याच आठवड्यात वसतिगृहाची अनामत भरायची होती आणि खानावळीचे आगाऊ पैसे द्यायचे होते. यजमान म्हणाले, "आधी विम्याचे भरून टाकू." मी म्हटले, "चार वर्षं भरतोय, कोणी एक दिवस दवाखान्यात गेलं नाही. पैसे पाण्यात चाललेत. तीस दिवसांची सवलत असते ना? गणपती झाले की भरू." घरात पैशाचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे माझा शब्द चालला.

गणपतीला आठ दिवस राहिले होते. रात्री अकराला पुण्याहून मुलाच्या मित्राचा फोन आला. "काकू, याच्या पोटात फार दुखतंय, उलट्या होतायत, आम्ही त्याला दवाखान्यात आणलंय." अपेंडिक्स होते, ते फुटायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाले रात्रीच शस्त्रक्रिया करावी लागेल, आधी चाळीस हजार भरा. मध्यरात्रीच्या एसटीने आम्ही दोघे निघालो. गाडीत मी यजमानांना म्हटले, "पण आपला विमा आहे ना?" ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "आहे आणि नाही."

भगिनींनो, तो अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. ती तीस दिवसांची सवलत पॉलिसी तुटू नये म्हणून असते. त्या मुदतीत हप्ता भरला की जुनी पॉलिसी पुढे चालू राहते. पण जे वर्षाचा हप्ता एकदम भरतात, त्यांचा हप्ता थकलेल्या त्या दिवसांत जो आजार येईल, त्याचा खर्च कंपनी देत नाही. तेरा दिवस उशीर झाला होता, आणि तेराव्या रात्री आजार आला. सगळे मिळून बिल ब्याण्णव हजार झाले. चाळीस हजार दिरांनी आणि दुकानातल्या गल्ल्याने भागवले. उरलेल्यासाठी माझ्या आईने दिलेल्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. मुलगा बरा झाला, देवाची कृपा. यजमानांनी मला एक शब्दही बोलून दाखविला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायचे ठरविले. पॉलिसीचे कागद घेऊन बसले. जे कळेना ते धाकटीकडून वाचून घेतले, बँकेतल्या साहेबांना विचारले, कंपनीच्या कचेरीत दोनदा जाऊन आले. त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगते.

पहिली गोष्ट, "पैसे पाण्यात गेले" हे म्हणणे. आपली भिशी असते. बारा जणी पैसे घालतात, आज ना उद्या प्रत्येकीला ते मिळतात. विमा ही निराळी भिशी आहे. हजार घरे पैसे घालतात आणि ज्यांच्या घरी संकट येते त्यांनाच ते मिळतात. बाकीच्यांना मिळत नाहीत, आणि मिळाले नाहीत याबद्दल त्यांनी देवाला नमस्कार करावा. चार वर्षे दवाखाना लागला नाही म्हणून मी चिडत होते. माझ्या चिडण्यात किती शहाणपण होते ते आता तुम्हीच ठरवा.

आता मूल बाहेरगावी निघताना आरोग्यविम्याचे काय बघायचे?

घरात कुटुंबाचा विमा असेल तर त्यात मुलाचे नाव आहे ना, ते पॉलिसीवर बोट ठेवून वाचा. जन्मतारीख बरोबर आहे ना, बघा. आईबापांच्या पॉलिसीत मुले बहुधा पंचवीस वर्षांपर्यंतच राहतात. पुढे त्यांची पॉलिसी वेगळी करावी लागते. ती वेळेवर वेगळी केली, तर आधीची वर्षे फुकट जात नाहीत. ही वर्षे का मोलाची, तेही सांगते. नवी पॉलिसी घेतली की पहिले तीस दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचे पैसे मिळत नाहीत. आधीपासून असलेल्या दुखण्यासाठी त्याहून जास्त थांबावे लागते. ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असे, २०२४ च्या नियमांनी ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. म्हणून मूल धडधाकट असतानाच विमा घ्यावा. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

फॉर्म भरताना खरे लिहा. मुलाला दमा असेल, लहानपणी झटके आले असतील, तर ते लिहा. "लग्नाची मुलगी आहे, कागदावर कशाला?" असे म्हणून आपण लपवतो. मग ऐन वेळी डॉक्टर जुनी हकीकत केसपेपरवर लिहितात आणि कंपनी म्हणते, तुम्ही आम्हाला सांगितले नव्हते. सांगितल्याने हप्ता थोडा वाढेल किंवा काही दिवस थांबावे लागेल. लपविल्याने सगळेच जाईल.

यजमानांच्या नोकरीत कारखान्याचा किंवा कचेरीचा विमा असेल तर तो नोकरीबरोबर असतो. नोकरी सुटली, निवृत्ती आली की तोही सुटतो. मुलाच्या शिक्षणाच्या चार वर्षांत यजमान निवृत्त होणार असतील तर आधीच दुसरी सोय बघा.

कॉलेजातही कधी कधी विद्यार्थ्यांचा विमा असतो. फीची पावती आपण फक्त शेवटचा आकडा बघून ठेवून देतो. वरच्या ओळी वाचा. त्यात "विमा" असा शब्द असला तर कॉलेजच्या कचेरीत विचारा, की हा अपघाताचा आहे की आजाराचा, किती रकमेचा आहे, सुट्टीत घरी असताना चालतो का, आणि लागलाच तर कोणाकडे जायचे. बहुतेकदा तो अपघातापुरताच आणि लहान रकमेचा असतो. त्यावर विसंबून घरचा विमा बंद करू नये.

पॉलिसी वाचताना आणखी एक ओळ शोधा, ती खोलीच्या भाड्याची. काही पॉलिसींत दवाखान्याच्या खोलीच्या रोजच्या भाड्याला मर्यादा असते. आपल्या गावच्या हिशेबाने ती पुरेल, पण पुण्या-मुंबईला नाही. आणि मर्यादेबाहेरची खोली घेतली तर पुष्कळ पॉलिसींत नुसते भाडेच नाही, बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कात्री लागते.

ज्यांना हप्ता परवडत नाही त्यांनी हातपाय गाळू नयेत. आपल्या राज्यात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून तिला हे नाव आहे. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर चालते आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र ते योजनेतल्या ठराविक दवाखान्यांत आणि ठराविक उपचारांसाठीच. अशा दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसलेला असतो, त्याला भेटायचे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते. म्हणून रेशनकार्डावर मुलाचे नाव आहे का ते बघा, आणि त्याची प्रत मुलाजवळ द्या. मूल पुण्याला आणि रेशनकार्ड कराडच्या कपाटात, असे होऊ देऊ नका.

कपाटावरून आठवले. आमचे विम्याचे कार्डही कपाटातच होते. माझ्या मुलाला आपला विमा कोणत्या कंपनीचा तेही ठाऊक नव्हते. हप्ता भरलेला असता तरी त्या पोरांना रात्री काही उपयोग झाला नसता. आता आम्ही काय केले आहे ते सांगते. कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये आहे, त्याच्या खोलीतल्या मित्राच्या मोबाईलमध्ये आहे आणि माझ्याही आहे. मुलाच्या वसतिगृहाजवळ कंपनीशी करार असलेले दवाखाने कोणते, त्यांतल्या दोघांची नावे आणि पत्ते कागदावर लिहून त्याच्या टेबलाच्या आत चिकटविले आहेत. करार असलेल्या दवाखान्यात गेले की पैसे आधी भरावे लागत नाहीत, कंपनी परस्पर देते. करार नसलेल्या ठिकाणी आधी आपण भरायचे आणि मागून मागायचे. अर्थात जीव घाबरा असेल तेव्हा जवळ असेल तोच दवाखाना गाठावा. तिथे यादी बघत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते, हेही मुलांना सांगून ठेवा.

अचानक भरती झाल्यास कंपनीला लगेच फोन करावा, बहुधा चोवीस तासांच्या आत. पैसे मागून घ्यायचे असतील तर बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे अहवाल आणि घरी सोडल्याचा कागद, सगळे अस्सल जपून ठेवावे. द्यायच्या आधी प्रत काढून घ्यावी. आणि साधारणपणे चोवीस तास भरती असल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. मोतीबिंदूसारख्या काही उपचारांना तेवढी सूट असते. तापाची गोळी आणि डॉक्टरांची फी विम्यात धरू नये.

आता दुसरा भाग, आयुर्विम्याचा. इथे आपली सगळ्यांत मोठी चूक होते. आपल्या आळीतल्या एका भगिनीने परवानगी दिली आहे, म्हणून नाव न घेता तिची हकीकत सांगते.

तिच्या यजमानांचा स्वतःचा टेम्पो होता. मुलगी हुशार. तिच्या शिक्षणासाठी बँकेतून सहा लाखांचे कर्ज काढले, त्यावर आईनेही सही केली. मुलगी लहान असताना एका एजंटाने मुलीच्या जिवावर मोठ्या मुदतीची पॉलिसी दिली होती, वर्षाला चोवीस हजारांचा हप्ता. ती बिचारी म्हणायची, "आमच्या मुलीचा विमा आहे हो!" तिला वाटे, मुलीचे भवितव्य बांधून ठेवले. २०२१ साली यजमान हृदयविकाराने गेले. वय चव्वेचाळीस. मुलीच्या जिवावर विमा होता, पण घर ज्याच्या हातांवर उभे होते त्याच्या जिवावर एका रुपयाचा नव्हता. पुढचे हप्ते भरता येईनात म्हणून मुलीची पॉलिसीही बंद पडली. बँकेचे कर्ज उभेच राहिले. आज ती माउली दोन घरी स्वयंपाक करते आणि मुलगी शिकून नोकरीला लागली आहे, तिच्या पगारातून कर्ज फिटते आहे. आपण टाळ्या वाजवाव्यात अशी ती बाई आहे.

यात शिकण्यासारखे काय? आयुर्विमा कोणाचा काढायचा? ज्याच्या जाण्याने घरातला पैसा थांबेल त्याचा. शिकणारे मूल कमवीत नाही. त्याच्या जिवाचे मोल पैशात होत नाही हे खरे, पण हप्त्याचे पैसे थोडे असतील तर ते आधी कमावत्याच्या विम्यावर घालावे. तोही साधा घ्यावा, ज्याला मुदतीचा विमा म्हणतात. त्यात माणूस जगला तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आपल्याला तो आवडत नाही. पण थोड्या हप्त्यात मोठी रक्कम त्यातच मिळते. निदान मुलाच्या कर्जाएवढी आणि घराला काही वर्षे पुरेल एवढी रक्कम असावी. मुलाच्या शिक्षणाची म्हणून जी पॉलिसी एजंट दाखवितात, तिच्यात बापाला काही झाले तर पुढचे हप्ते माफ होतात का, हा प्रश्न विचारा. उत्तर कागदावर दाखवा म्हणा.

शिक्षणाच्या कर्जाचे आणखी एक. आईबाप त्यावर सहकर्जदार म्हणून सही करतात. न करो नारायण, मुलालाच काही झाले तर ते कर्ज आईबापांच्या गळ्यात येते. तेवढ्या एका कारणासाठी कर्जाच्या रकमेचा मुलाचा साधा विमा असणे शहाणपणाचे आहे. बँक कर्जाबरोबरच विमा देऊ करते. पण तिनेच सांगितलेला घ्यावा असे बंधन नाही. हप्ता किती, तो कर्जात मिळवून त्यावर व्याज लावणार का, हे विचारावे आणि बाहेरचा भाव बघून ठरवावे.

आणि ज्यांना यातले काहीच जमत नाही, त्यांच्यासाठी २०१५ साली सुरू झालेल्या दोन सरकारी योजना आहेत. बँकेत किंवा टपाल खात्यात बचत खाते असले की पुरे. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना अपघाताची आहे. वय अठरा ते सत्तर, वर्षाला वीस रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले तर दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला एक लाख. दुसरी प्रधानमंत्री जीवनज्योती बीमा योजना. वय अठरा ते पन्नास, वर्षाला चारशे छत्तीस रुपये, मृत्यू कशानेही आला तरी दोन लाख. मात्र नवीन नाव घातल्यावर पहिल्या तीस दिवसांत अपघाताशिवाय मृत्यू आला तर मिळत नाहीत. दोन्हींचे वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंत. मे महिन्याच्या शेवटी पैसे खात्यातून आपोआप जातात, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक हवी. मघाच्या भगिनीच्या यजमानांचे बँकेत खाते होते. २०२१ मध्ये ही दुसरी योजना वर्षाला तीनशे तीस रुपयांत मिळत होती. एक फॉर्म भरायचा राहिला.

तेव्हा मुलाला अठरा पूर्ण झाली की त्याचे खाते उघडा, त्याच दिवशी वीस रुपयांचा फॉर्म भरा, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लिहिले ते बघा. वारसाची जागा कोरी सोडू नका.

तिसरा भाग वाहनाचा. मूल कॉलेजात गेले की गाडी मागते. आपण "बसने जा" म्हणतो, मग तो मित्राची घेतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. हा विमा आपल्या गाडीने ज्याला इजा होईल त्याच्यासाठी असतो. आपली गाडी मोडली किंवा चोरीला गेली तर त्यातून काही मिळत नाही, त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. नवीन दुचाकी घेताना २०१८ पासून हा सक्तीचा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. पण आपण मुलाला बहुधा जुनी गाडी देतो. तिचा विमा कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. जुनी गाडी विकत घेतली तर विमाही आपल्या नावावर करून घ्या.

लायसन्सशिवाय मुलाने गाडी चालवली आणि कोणाला लागले, तर विमा कंपनी त्या माणसाला पैसे दिले तरी ते गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. सोळा वर्षांच्या मुलाला लायसन्स मिळते ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचे. आपल्या दारातल्या स्कूटर बहुतेक त्याहून मोठ्या, त्यांना अठरा पूर्ण लागतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून असा गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. "आमचा बाळू सातवीपासून गाडी चालवतो" हे कौतुक आता पुरे करावे.

मोबाईल, लॅपटॉप यांचाही विमा निघतो. त्यावर वेळ घालवीत नाही. वस्तू महाग असेल आणि चोरी झाल्यास पुन्हा घ्यायची ऐपत नसेल तर विचार करावा. पण फुटणे, चोरी आणि हरवणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कशाचे पैसे मिळतात ते विचारावे, आणि चोरीसाठी पोलिसांत तक्रार लागते हे लक्षात ठेवावे. आधी मघाच्या चांगल्या कुलपाचा उपयोग करावा.

आता आपल्याकडची मुले जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेलाही जातात. जर्मनीत आरोग्यविमा दाखविल्याशिवाय विद्यापीठात नावच नोंदवीत नाहीत. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठीच विमा लागतो. इंग्लंडमध्ये व्हिसाच्या वेळी आरोग्यासाठी वेगळा आकार भरून घेतात. तेव्हा खर्चाच्या कागदावर फी आणि राहण्याबरोबर विम्याचीही ओळ पहिल्या दिवसापासून धरा. प्रवासाचा विमा आणि तिथे राहण्याचा विमा एक नव्हे, हेही विचारून घ्या. आणि दाताचे काम इथे असतानाच उरकून घ्यावे, कारण दाताचा खर्च पुष्कळ विम्यांत नसतो.

एवढे करूनही कंपनीने पैसे नाकारले तर रडत बसायचे नाही. आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यांच्या कचेऱ्या मुंबईला आणि पुण्याला आहेत. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावे. आणि नवी पॉलिसी हातात आल्यावर पसंत पडली नाही, तर तीस दिवसांच्या आत परत करता येते. म्हणून पॉलिसी आली की ती तशीच ट्रंकेत टाकू नये. त्या तीस दिवसांत मुलाला मोठ्याने वाचायला लावावी. हप्ता एजंटाच्या हातात रोख देऊ नये. एक चांगलीही बातमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतः घेतलेल्या आयुर्विम्याच्या आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के कर सरकारने काढून टाकला आहे. ज्यांनी कराकडे बघून विमा सोडला होता त्यांनी पुन्हा विचारणा करावी.

भगिनींनो, शेवटी आपल्याविषयी एक शब्द. घरात विम्याचे बोलणे निघाले की आपण आत जाऊन चहा टाकतो. कागदावर आपली सही लागते तेव्हा फुली दाखवतात तिथे सही करतो. मी सही करीत होते, आणि हप्ता नको म्हणण्याएवढा माझा शब्द चालतही होता, पण पॉलिसी मी एकदाही वाचली नव्हती. न वाचता "नको" म्हणण्याचा अधिकार मी वापरला, आणि त्याची किंमत माझ्या मुलाच्या उशाशी बसून मोजली. शिक्षण सातवीच असले म्हणून काय झाले? पॉलिसी मराठीतही मागता येते, तारीख तर कोणालाही वाचता येते.

मी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर वर्षी मे महिन्यात, मुलांचे प्रवेश सुरू व्हायच्या आधी, एक दुपार आपण सगळ्यांनी आपापले कागद घेऊन इथे बसावे. एका वहीत प्रत्येकीने लिहावे, की विमा कोणता, कोणाकोणाची नावे, हप्त्याची तारीख कोणती, वारस कोण. जिला वाचता येत नाही तिचे दुसरीने लिहावे. रक्कम कोणी कोणाला सांगायची गरज नाही. तारीख जवळ आली की शेजारणीने शेजारणीला आठवण करावी. भिशीची आठवण आपण न चुकता करतो, तशीच ही. वही ठेवायचे काम मी आनंदाने करीन.

माझ्या पाटल्या चौदा महिन्यांनी सुटल्या. त्यातले सहा महिने मुलाने सुट्टीत दुकानात काजे-बटणांचे काम करून आणि पुण्यात शिकवणी घेऊन हातभार लावला. सोडवून आणल्या त्या दिवशी त्यानेच त्या माझ्या हातात घातल्या आणि विचारले, "आई, हप्त्याची तारीख?" मी म्हटले, "बारा ऑगस्ट. या वेळी आपण दहालाच भरलाय."